बिनस्वयंपाकाचा रविवार

एका रविवारी चुलीजवळ फिरकायचंसुद्धा नाही असं मी ठरवलं होतं, आणि त्या रविवारी मी अर्ध्या गावाला जेवू घातलं.

दोष द्यायचाच तर मोबाईलला द्यावा लागेल. शाळेतल्या आम्ही तिघी मैत्रिणी. वंदी उमरखेडला शिक्षिका आहे, ललिता पांढरकवड्याला कापडाचं दुकान चालवते आणि मी मारेगावजवळच्या एका खेड्यात सून आहे (हा पूर्णवेळ हुद्दा आहे, सुट्टी मिळत नाही). आमचा तिघींचा एक ग्रुप आहे. त्यावर वंदी रोज सकाळी फुलांची चित्रं टाकते, ललिता नव्या साड्यांचे फोटो टाकते आणि मी विचारते, आज भाजी काय करू? उत्तर कुणीही देत नाही.

जानेवारीत एकदा माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "मले एक रविवार पायजे. सयपाक नाही, भांडे नाही, 'भाजी काय हाय वो' विचारणारं कोणी नाही. निस्तं बसाचं अन् बोलाचं."

"हाव न! ठरवा!" वंदीनं नाचणाऱ्या बायांची रांगच पाठवली.

ठरवता ठरवता संक्रांत येऊन गेली!

"टिपेश्वरले जाऊ, वाघ पाहू," वंदीनं सुचवलं.

"वाघ पाहाले तिकीट काढू?" ललिताचा आवाज आला. (ती लिहीत नाही, बोलूनच पाठवते, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची सवय, म्हणून ओरडून बोलते.) "आमच्या तांड्यामांगं फुकट दिसते वो! माह्या याडीनं परवाच पाह्यला. बकऱ्या घरात घेतल्या अन् भाकरी थापत बसली माय!" (ललिता बंजारा, त्यांच्यात आईला याडी म्हणतात.)

"मंग सहस्रकुंडचा धबधबा?"

"आता? पाणी कुठी हाय तिथं? गोटे पाहाले जातं का?"

शेवटी तोडगा मीच काढला. (मला कुणी सांगितलं होतं?) आमच्या वावरात रोडगे! रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर हाणायचे. पण आम्हा बायकांना त्यांची खरी गोडी वेगळीच. रोडगे भाजायचं काम आमच्याकडे पुरुषांचं! आमच्या ह्यांना विचारलं, तर छाती फुगवून म्हणाले, "तुमी तिघी लिंबाखाली गादीवर बसा. भाजीसकट समदं मी करतो!"

ग्रुपवर ललितानं आरोळी ठोकली, "सुषे, रविवारी तुह्या वावरात रोडगे पक्के! आता मांगं हटू नोको!"

ही आरोळी मी ऐकली तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होते. मोबाईल ओसरीवर आमच्या मुलीच्या हातात होता, आरोळी तिनंच लावली होती, आणि तिच्याशेजारी सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या.

आता आमच्या पिढीला रोडगे म्हणजे पार्टी. सासूबाईंच्या पिढीला रोडगे म्हणजे नवस! देवाला बोललेलं पूर्ण झालं की वावरात रोडगे करायचे, आणि नवसाच्या रोडग्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही, कानावर पडलं की यायचं. (न जाणं म्हणजे देवाचा अपमान. हा अपमान आमच्याकडे सहसा कुणी होऊ देत नाही.)

मी बादली घेऊन ओसरीवर आले, तर सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"काय झालं आई?"

"पोरी, तुले कोनं सांगतलं वो?"

"काय?"

"तुह्या नवऱ्याच्या धाव्वीचा नवस! थो दोनदा नापास झाल्ता, तवा मी बांधावरच्या मारुतीले बोलली होती. बंडूले पास कर, वावरात रोडगे करीन. मंग राहूनच गेलं पाय. म्हून तं दरसाली आपली विहिरीवरची मोटार जळते! कोनाले बोलली नव्हती मी. तुले आपोआप सुचलं!"

मी थक्क! लग्नाच्या वेळी 'मुलगा पहिल्यापासून हुशार' असं आम्हाला छातीठोक सांगण्यात आलं होतं. पण ते भांडण नंतर काढता आलं असतं, आधी रविवार वाचवायला हवा होता.

"आई, थे रोडगे म्हणजे... ललिता अन् वंदी..."

"त्यायले बी येऊ दे न! मले वाटे, मी अशीच मरून जाईन अन् मारुतीले तोंड दाखवाले जागा राहनार नाही. तुहं भलं होवो माय!"

असं म्हणून त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यावरून बोटं मोडण्याची ही पहिलीच वेळ. सांगा, आता कोणत्या तोंडानं म्हणायचं, की आई, मारुती वगैरे काही नाही, मला फक्त पोळ्या लाटायच्या नव्हत्या?

हे आले की त्यांनाच सांगायला लावू, असा मी विचार केला. तोवर उशीर झाला होता. सासूबाईंना लिहिता येत नाही, पण मोबाईलवर अंगठा दाबून बोलता येतं, हे आमच्या मुलीनं त्यांना शिकवून ठेवलंय. (मुलीला मी नंतर पाहून घेतलं.) सगळ्या सोयऱ्यांच्या ग्रुपवर त्यांचा आवाज जाऊन पोचला होता: "सुषमानं नवस फेडाचं मनावर घेतलं. रविवारी वावरात रोडगे हायेत, बंडूच्या धाव्वीचे! समदे येजा!"

खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. चुलतसासरे: "सहकुटुंब येतो." आतेसासू: "आमच्या घरी पाव्हणे हायेत, त्यायले बी आणतो." कुणीतरी ह्यांना लिहिलं होतं, "दहावी उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" ह्यांची चाळिशी कधीच उलटली आहे.

हे घरी आले ते मोबाईल नाचवतच. "हे काय व्हय? काहून सांगतलं तू लोकायले?"

"म्या सांगतलं? तुमी पहिल्यापासून हुशार होते न? मंग दोनदा कोण नापास झालं, थे सांगा आधी!"

ते हातपाय धुवायला गेले, ते बराच वेळ परत आलेच नाहीत.

आमच्या ग्रुपवर मी कळवलं, "घोटाळा झाला. नवस निघाला."

वंदीनं ताबडतोब विचारलं, "मंग ड्रेस घालाचा का साडी?" मैत्रिणींना माझी ही एवढी काळजी!

रविवार उजाडला. 'समदं मी करतो' म्हणणारे हे पांढराशुभ्र सदरा घालून बांधावर उभे होते आणि येईल त्याला "या, या" करत होते. रोडगे भाजायला चुलतसासरे बसले. वांगी, वरण आणि भात मात्र घरच्या सुनेकडे आले. त्यात सासूबाईंनी आणखी एक सांगितलं, "नवस फेडनारीनं समद्यायच्या आधी जेवू नाही, पोरी." म्हणजे पास कोण झालं, नवस कुणी बोलला आणि उपाशी कोण!

तेवढ्यात वंदी आणि ललिता आल्या. काळे चष्मे, मोठ्या टोप्या, वंदीच्या हातात फोटो काढायची कांडी. सासूबाईंनी दोघींना कुंकू लावलं आणि एकीपुढे वांग्यांचं घमेलं सरकवलं, दुसरीपुढे कांद्यांचं.

"याडीऽ! सुषे, चष्म्यातून बी झोंबते वो!" ललिता ओरडली.

वंदी वांगी चिरत लिंबाकडे पाहत होती. लिंबाखाली आमच्यासाठी घातलेल्या गादीवर पुरुषमंडळी लोळत होती.

"आपल्याले बसून बोलाचं होतं न?" ती म्हणाली.

"बसलीच हायेस. बोल!" मी खेकसले.

पंगतीवर पंगती उठत होत्या. धूर आणि गर्दी पाहून रस्त्यावरच्या एका ट्रकवाल्यानं ट्रक बाजूला लावला. पोटभर जेवला, मारुतीच्या पाया पडला आणि ह्यांना म्हणाला, "कौन पास हुआ, भाई?" ह्यांनी बेधडक आमच्या सातवीतल्या मुलीकडे बोट दाखवलं. त्यानं जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि ती अजून मला विचारते, की मी पास कधी झाले?

आम्हा तिघींची पाळी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. भाजीतली वांगी संपून रस्सा उरला होता आणि रोडगे असे, की फोडायला वरवंटा घ्यावा. रागानं मला रडू येत होतं, खरंच सांगते. एक रविवार! एक रविवार मागितला होता मी!

सासूबाई मात्र फुलून आल्या होत्या. मला हाताला धरून त्यांनी मारुतीपुढे नेलं. "पोरी, आज देव तुह्यावर खूश हाय. माग, काय पायजे थे माग!"

मी हात जोडले. कंबर मोडलेली, डोळ्यांत धूर, पोटात कावळे. डोळे मिटून अगदी कळवळून म्हटलं, "मारुतीराया, मला दुसरं काही नको. फक्त एक रविवार बिनस्वयंपाकाचा दे. तेवढा दिलास, तर याच वावरात अख्ख्या गावाला रोडगे करून घालीन!"