आंदणाचा गुंड

चिंचेनं पितळ घासलं की जो आंबट, हिरवट वास सुटतो, त्यानं मी आजही घाटंजीच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन उभी राहते. माझ्या लग्नात आंदण द्यायचा पाण्याचा गुंड घ्यायला आई मला तिथं घेऊन गेली होती.

तेव्हा माझं कॉलेज चालू होतं. हे लग्न मला नको होतं, आणि आज आईला ते सांगायचंच, असं मी एसटीत बसल्या बसल्या ठरवलं होतं. आई मात्र एकेक गुंड उचलून बोटाच्या पेरानं वाजवत होती, बुडावर नख फिरवत होती.

"पातळ नको भाऊ. पोरीले जलमभर पुरलं पाह्यजे."

शेवटी जाड बुडाचा एक तिला पटला.

"आई, मले काही बोलाचं होतं."

"थांब वं. आधी नाव टाकू दे."

आमच्याकडे आंदणाच्या भांड्यावर पोरीचं सासरचं नाव टाकतात. दुकानदाराची मशीन घरघरायला लागली. लग्न अजून लागायचं होतं, तरी त्यानं माझ्या नावाआधी 'सौ.' कोरलं. पितळेचा कीस फुंकून म्हणाला, "पाहून घ्या बाई. नाव टाकलेलं भांडं वापस होत नाही."

आई समाधानानं माझ्याकडे वळली. "काय म्हणून राह्यली होती तू?"

"काही नाही."

आईची पारख खरी. इतक्या वर्षांत गुंड कुठं गळला नाही, त्याला पोचा पडला नाही. घासून घासून माझ्या बोटांची सालं गेली, पण ते 'सौ.' अजून लख्ख वाचता येतं.