सत्तर सेंटवाली

ब्रूना रविवारी जेवायला यायची, ती येताना पिशवीभर मासळी आणायची आणि जाताना कुणाच्या तरी घरची बातमी मागे ठेवून जायची. व्हेनिसच्या मासळीबाजारात तिचा गाळा होता, त्यामुळे दोन्हींचा तुटवडा कधी नसायचा. एप्रिलातल्या एका रविवारी नीवेसच्या स्वयंपाकघरात कोळंबी सोलता सोलता ती म्हणाली, "अगं, तुझा दुइलिओ त्या हॉलंडच्या बाईकडून सत्तरच सेंट घेतो. ठाऊक आहे ना तुला?"

नीवेसचा हात थांबला. "कोण हॉलंडची बाई?"

"हान्नेके का काय नाव आहे. रोज साडेआठला पलीकडून येते. माझ्याकडूनच तारली नेते. अख्ख्या जगाकडून दोन युरो आणि हिच्याकडून सत्तर सेंट! मला वाटलं, तुमचं घरात बोलणं झालं असेल."

"त्यात काय एवढं," नीवेस म्हणाली. पण पुढची कोळंबी सोलताना डोक्याबरोबर निम्मं मांसही कचऱ्यात गेलं, ते ब्रूनाने पाहिलं आणि ती समाधानाने गप्प बसली.

नीवेसचा नवरा दुइलिओ मोठ्या कालव्यावर उतारूंचा गोंडोला वल्हवायचा. मखमली गाद्यांचा, गाणीबिणी म्हणण्याचा नव्हे. या काठावरून त्या काठावर माणसं नेणारा, दोन नावाड्यांचा, साधा. दोन मिनिटांचा प्रवास. गावची माणसं उभ्यानेच जायची, फिरायला आलेले पाहुणे कडेला धरून बसायचे. धक्क्यावर पाटी होती: शहरात राहणाऱ्यांना सत्तर सेंट, इतरांना दोन युरो. कार्ड कुणी विचारायचं नाही. नावाडी तोंडाकडे बघायचा आणि हात पुढे करायचा.

या दोन दरांची नीवेसइतकी कट्टर कैवारी सबंध व्हेनिसात दुसरी नसेल. ती जन्मली, वाढली, लग्न होऊन नांदली ती व्हेनिसच्याच कन्नारेजिओ भागात. अकरा वर्षांपूर्वी घरमालकाने त्यांना बाहेर काढलं आणि त्याच जागेत पाहुण्यांसाठी चार खोल्या केल्या. तेव्हापासून दोघं खाडीपलीकडे, स्पिनेआत, तिसऱ्या मजल्यावर राहायची. नीवेस एका लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायची. तिथे एखादी नवी पोरगी म्हणाली, की होडी तीच, पाणी तेच, मग परदेशी माणसाला तिप्पट भाडं का, की नीवेस इस्त्री आपटायची. "मी ज्या खोलीत बाळंत झाले, तिथे आता कोण झोपतं ते मला माहीत नाही. फक्त त्यांच्या चादरी माझ्याकडे येतात. दोन युरो? दहा घ्यायला हवेत!"

आणि आता तिच्याच नवऱ्याने एका परदेशी बाईला आपल्यांत घेतलं होतं.

कुणाला पैसे उधार दिले असते, तर ती भांडली असती आणि विसरली असती. हे निराळं होतं. सत्तर सेंट हा त्या काठावर माणसाला आपलं म्हणण्याचा भाव होता. तो दुइलिओने तिला न विचारता, तिच्या अपरोक्ष, कुण्या हान्नेकेला देऊन टाकला होता.

त्या दिवसापासून तिला नवरा नव्याने दिसायला लागला. तो दाढी करताना शीळ घालायचा. पूर्वी घालायचा का? आठवेना. कामावर जाताना निळ्या पट्ट्यांचा बनियन तो आता स्वतः निवडून घ्यायचा. एकदा तिने धुण्याआधी त्याच्या जाकिटाचे खिसे तपासले, तर कागदात गुंडाळलेल्या काळ्या गोळ्या निघाल्या. एक तोंडात टाकली. खारट! औषधासारखी कडवट आणि खारट. तिने ती बेसिनमध्ये थुंकली.

"हे काय घेऊन फिरतोस खिशात?"

"ज्येष्ठमधाच्या गोळ्या," दुइलिओ पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "घशाला बऱ्या असतात."

"कुणी दिल्या?"

"धक्क्यावर एकीने."

"एकीने" म्हणाला. नाव असून नाव घेतलं नाही. चौतीस वर्षं रश्श्यात चिमूटभर मीठ जास्त झालं तरी वाटी सरकवणारा हा माणूस त्या हॉलंडवालीच्या हातच्या खारट गोळ्या चघळत दिवसभर वल्हं मारत होता! त्या रात्री नीवेसने त्याच्याकडे पाठ केली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

गुरुवारी तिने लॉन्ड्रीत दातदुखीचं कारण सांगितलं आणि बस धरून व्हेनिस गाठलं. मासळीबाजाराच्या कमानीखाली, बर्फाच्या खोक्यांआड ती उभी राहिली. दुइलिओच्या होडीत ती अकरा वर्षांत बसली नव्हती. जाणंच होत नव्हतं, आणि गेली तरी ती पुलावरून चालत जायची. गर्दीत नवऱ्याला हाक मारायला तिला संकोच वाटायचा.

साडेआठला होडी आली. सात-आठ माणसांत तिने बाईला लगेच ओळखलं आणि तिचं काळीज खचलं. बाई साठीची होती. पांढरे केस कानाखाली कापलेले, पायांत रबरी बूट, हातात चाकांची बाजाराची पिशवी. रंग नाही, नखरा नाही. तरुण आणि देखणी असती, तर पुरुषाच्या जातीला चार शिव्या देऊन नीवेस मोकळी झाली असती. या बाईत असं काय होतं, जे तिच्यात नव्हतं?

बाई उभी होती. होडी काठाला टेकली तरी तिने आधाराला कशाला हात लावला नाही. उतरताना दुइलिओला काहीतरी म्हणाली आणि तो हसला. मान मागे टाकून, दाढांपर्यंत तोंड उघडून. नीवेसला ते हसू ओळखीचं होतं. लग्नाआधी त्याच हसण्याने तर तिला भुलवलं होतं. स्पिनेआच्या त्या घरात ते तिने एकदाही ऐकलं नव्हतं.

तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तशीच चालत आर्दुईनोकडे गेली. आर्दुईनो त्या धक्क्याचा मुकादम, लाकडी खोपटात कॉफी पीत बसला होता.

"आर्दुईनो, नियम सगळ्यांना सारखा की नाही?"

"काय झालं, नीवेस? सकाळी सकाळी?"

"एका परदेशी बाईकडून इथे गावचं भाडं घेतात. रोज! पाहुण्यांना कळलं तर बोंब मारतील. उद्या पेपरात येईल."

"कोण घेतं?"

ती क्षणभर अडखळली. "दुइलिओ."

आर्दुईनोने कप खाली ठेवला. "बाई, तू नक्की कशाची तक्रार करायला आली आहेस?"

"नियमाची."

"बरं. मग शनिवारी तूच ये. तुझ्यासमोर विचारतो."

शनिवारी ती केस सेट करून गेली. गडद निळा कोट, आईचे प्रवाळाचे डूल. पलीकडच्या काठावर रांगेत ती हान्नेकेच्या मागे दोन माणसं सोडून उभी राहिली. दुइलिओने बायकोला पाहिलं आणि भुवया वर केल्या, पण मुकादम शेजारी उभा असल्याने तो काही बोलला नाही. रांगेत पुढे एक जर्मन जोडपं होतं. त्यांनी चार युरो दिले, पाटी वाचली आणि नवरा तोंड वाकडं करून पुटपुटला. नीवेसच्या जिवाला गार वाटलं.

हान्नेकेने नेहमीसारखी नाणी पुढे केली. आर्दुईनो मध्ये आला.

"माफ करा बाई, तुमचं रहिवासाचं कार्ड?"

"आहे की," ती म्हणाली. उच्चार जाड होते, पण बोली व्हेनिसचीच होती. तिने पिशवीतून पाकीट काढलं, पाकिटातून कार्ड. आर्दुईनोने ते चष्मा वर करून वाचलं. "कन्नारेजिओ. नऊ वर्षं." त्याने कार्ड परत दिलं. "बरोबर आहे. सत्तर सेंट."

नीवेसच्या कानांत गरम वाफ भरल्यासारखं झालं. नऊ वर्षं! तिच्या कन्नारेजिओत! ती होडीकडे सरकली आणि तिनेही सत्तर सेंट पुढे केले.

तेव्हा तो जर्मन नवरा बोलला. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये, पण सगळ्यांना कळेल असं. "या बाईंचं कार्ड नाही बघत?"

रांग थांबली. आर्दुईनोने डोकं खाजवलं. "नीवेस... आता सगळ्यांसमोर..."

"माझं कार्ड? मी इथे जन्मलेय! माझा बाप या धक्क्यावर हमाल होता!"

"मला ठाऊक आहे गं. पण तू राहतेस कुठे?"

स्पिनेआ हे वेगळं गाव, वेगळी नगरपालिका. पाटीवरच्या "शहरात राहणाऱ्यांना" या शब्दांचा अर्थ ती इतकी वर्षं "आम्हांला" असाच घेत आली होती.

"अहो, या इथल्याच आहेत," मागे वळून हान्नेके म्हणाली. "त्यांचं बोलणं ऐका ना. असं बोलणं आता कुणाचं राहिलंय?"

हे ऐकायला लागण्यापेक्षा कालव्यात उडी मारणं परवडलं असतं. ती इथली आहे याची ग्वाही हॉलंडची बाई देत होती!

"तुमच्या शिफारशीची मला गरज नाही," नीवेस म्हणाली. तिने पर्समधून दोन युरोचं नाणं काढलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. दुइलिओने एकदा नाण्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. तो ते परत करील, असं तिला वाटलं होतं. त्याने मूठ मिटली.

ती उभीच राहिली. बसायचा प्रश्नच नव्हता. पण होडीने काठ सोडला, तेवढ्यात एका मोटारबोटीची लाट आली आणि अकरा वर्षं जमिनीवर चाललेले तिचे पाय डगमगले. तिने हाताला लागेल ते धरलं. ती हान्नेकेची बाही होती. दुसरा काठ येईपर्यंत तिला ती सोडता आली नाही.

संध्याकाळी दुइलिओ घरी आला, बूट काढले, आणि टीव्ही न लावता खुर्चीत बसला.

"मला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं? काय आहे तुझं तिच्याशी?"

"काही नाही."

"काही नसताना माणूस असा हसतो?"

खोटं बोलता आलं असतं, पण त्याला ते कधी जमलं नव्हतं. "ती बोलते गं. रोज काहीतरी विचारते. पाणी आज असं का वाहतंय, वल्ह्याचं लाकूड कुठलं, खांदा कसा आहे. दोन मिनिटं असतात. ती मला आवडतात."

"मग मी बोलत नाही?"

"तू बोलतेस. भाड्याबद्दल, बसबद्दल, त्या घरमालकाबद्दल."

नीवेसने ओट्यावरचं फडकं उचललं आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसला. त्याने तिला हात लावला असता, चोरून भेटला असता, तर तिला त्याचं काय करायचं ते कळलं असतं. दोन मिनिटांच्या गप्पांचं काय करायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आर्दुईनोने भानगड नको म्हणून दुइलिओला खालच्या अंगाच्या दुसऱ्या धक्क्यावर टाकलं. तिथे गावची माणसं फारशी नव्हती. मे गेला, जून गेला. दुइलिओ वेळेवर यायचा, पुढ्यात येईल ते जेवायचा, मीठ कमी की जास्त तेही सांगायचा नाही. दाढी करताना आवाज नसायचा. नीवेस जिंकली होती. रविवारी ब्रूनाने विचारलं, "आता बरं वाटतंय ना तुला?" तेव्हा ती "हो" म्हणाली आणि मटार सोलत राहिली. पण गप्प नवऱ्याच्या समोर बसून जेवणं हे जळफळाटापेक्षा जड होतं. जळताना निदान तो तिला सगळीकडे दिसत तरी होता.

जुलैच्या शेवटी ती पुन्हा आर्दुईनोच्या खोपटाशी उभी राहिली.

"त्याला परत घे."

"आणि पुन्हा तक्रार घेऊन आलीस तर?"

"येईन कदाचित. सांगता येत नाही. पण त्याला परत घे."

आर्दुईनोने हात जोडले. "तुम्हां दोघांपेक्षा ते पाहुणे परवडले," तो म्हणाला, पण सप्टेंबरपासून दुइलिओचं नाव जुन्या धक्क्याच्या पाळीत लागलं.

पहिल्या शनिवारी नीवेसही गेली. कुणी काही म्हणण्याआधी तिने दोन युरो दिले आणि मुद्दाम हान्नेकेच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी उभी राहिली. कालव्याच्या मध्यावर हान्नेके मासळीबाजाराच्या छपराकडे बोट दाखवून दुइलिओला काहीतरी म्हणाली. वाऱ्यात नीवेसला शब्द कळले नाहीत. मागे दुइलिओ मोठ्याने हसला. तिच्या छातीत तीच जुनी कळ उठली. तेवढीच, जराही कमी नाही.

"काय म्हणालात तुम्ही त्याला?" तिने विचारलं.

"तो समुद्रपक्षी बघा ना. रोज एकाच गाळ्यावर चोरी करतो. तो ब्रूनाबाईंचा नातेवाईक असणार, म्हटलं."

नीवेसने तिकडे पाहिलं. पक्षी खरंच ब्रूनाच्या गाळ्यावर, मान ताठ करून बसला होता.

"नातेवाईक नाही," नीवेस म्हणाली. "तो नुसता मासळी नेतो. ब्रूना बातम्याही नेते."

हान्नेके हसली. नीवेसला हसायचं नव्हतं. तिने कान मागे लावले होते. दुइलिओ या वेळी कुणाच्या बोलण्याला हसतो आहे, ते तिला नीट ऐकायचं होतं.