जे दिसत नाही त्याचा दर

जुन्या फोटोतला फाटलेला कान जोडून द्या म्हटलं, की धाकटी जेवणखाण विसरून बसायची. पण त्याचे पैसे किती म्हणून कुणी विचारलं, की तिची बोबडी वळायची. म्हणून ऑनलाइन बाजारातलं तिचं दुकान ताई चालवायची. ताई म्हणजे सख्खी थोरली बहीण. नाव धाकटीचं, हात धाकटीचे आणि जीभ ताईची, अशी वाटणी दोघींमध्ये कितीतरी वर्षांपासून होती, आणि ताईची जीभ म्हणजे दगडालाही बोलतं करील अशी. दूरदेशीचं अनोळखी गिऱ्हाईकसुद्धा दोन निरोपांत तिला घरची सुखदुःखं सांगू लागायचं.

त्या वेबसाइटवर बाकीचे लोक ठरावीक दराने कामं घेत. धाकटीला ते पटायचं नाही. कुणाच्या फोटोवर नुसती घडीची रेघ असते, तर कुणाच्या आजोबांचं अर्धं तोंड वाळवीने नेलेलं असतं. दोन्हींना एकच भाव म्हणजे खरचटलेल्या गुडघ्याला आणि मोडलेल्या पायाला एकच औषध. त्यामुळे आधी फोटो बघायचा, मग गिऱ्हाइकाशी बोलायचं आणि त्या एका कामापुरता दर कळवायचा, अशी तिची रीत होती. दराचेही दोन भाग. जे फोटोत दिसतंय ते साफ करायचा एक. जे दिसतच नाही, ते घरच्यांना विचारून काढायचा दुसरा. हसताना ओठ मिटलेले असायचे की दात दिसायचे? मान कुठल्या बाजूला कलायची? घरात त्यांच्या वळणावर कोण गेलंय, त्याचा फोटो पाठवता का? हे प्रश्न ताई विचारायची आणि उत्तरं धाकटीला वाचून दाखवायची. उत्तरं आली नाहीत, तर धाकटी तेवढी जागा मऊ करड्या रंगात मोकळी सोडायची आणि त्या भागाचा पैसा घ्यायची नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडात आपले दात बसवायचे नाहीत, असं ती म्हणायची. ताई कपाळावर हात मारायची. पण लोकांना हा हट्ट आवडायचा, आणि खात्यावर पसंतीचे तारे पडत राहायचे.

या हट्टापायी खुद्द आईचाच फोटो अर्धवट राहिला होता. दोघींकडे आईचा तो एकच फोटो. घर बदलताना तो भिजला आणि नाकाखालचा भाग धुऊन निघाला. धाकटी म्हणे, आईचा पुढचा दात तुटलेला होता, म्हणून ती ओठ मिटूनच हसायची आणि डावा कोपरा आधी वर जायचा. ताई म्हणे, छे, चांगली तोंडभर हसायची. एवढ्यावरून दोघी महिनाभर एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. शेवटी धाकटीने ओठांची जागा करडी ठेवून काम बाजूला सारलं. कधीतरी दोघींचं एकमत होईल, मग पुरं करू, असं तिने ठरवलं.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला घेऊन जाणं, औषधाचे थेंब घालणं, डबा आणणं, सगळं ताईने केलं. पाठच्या बहिणीचं करावं तर असं, असं शेजारपाजारचे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पट्टी निघाली त्या आठवड्यात ताईने आईचा पुरा झालेला फोटो फ्रेम करून आणला. मामा गेल्यावर त्यांच्या कपाटात आईचा एक लहानसा फोटो सापडला होता म्हणे, त्यावरून एका माणसाकडून तिने ओठ काढून घेतले होते. आई फोटोतून छान, मोकळी हसत होती. दात एकसारखे, पांढरेशुभ्र. धाकटीला अजून नीट दिसत नव्हतं; फ्रेम छातीशी धरून ती पोटभर रडली. फोटो तिच्या खोलीत, कामाच्या टेबलासमोर लागला.

नजर निवळली तेव्हा ते हसू तिला खटकलं. पण मामांकडचा फोटो खोटा कसा असेल? आपलीच आठवण कच्ची. जिला सख्ख्या आईचं तोंड आठवत नाही, तिने लोकांच्या आया काय काढायच्या, असं तिच्या मनाने घेतलं. त्यातच ताई सांगू लागली की बाजार मंदावलाय, हल्ली असली कामं कुणी देत नाही. धाकटीने एकदाही खोदून विचारलं नाही. काम येत नाही हे एका परीने बरंच झालं, असं तिला वाटायचं. ताई महिन्याच्या महिन्याला हातात थोडे पैसे ठेवायची आणि धाकटी ते मान खाली घालून घ्यायची.

चष्म्याची काडी मोडली म्हणून ती एका सकाळी बाजारात गेली आणि वाटेत फ्रेमवाल्याने तिला हाक मारली. तिचे कितीतरी फोटो त्याच्याच दुकानात फ्रेम झाले होते. बाई, परवाच तुमचं काम आलं, म्हणत त्याने कौतुकाने एक फोटो काचेवर ठेवला. पागोटं घातलेले कुणी म्हातारे गृहस्थ होते. गिऱ्हाइकाने तुमचं नाव घेऊन सांगितलं, तो म्हणाला.

मोडका चष्मा डोळ्यांशी धरून धाकटीने वाकून पाहिलं. दोन्ही कान एका साच्यातले. पागोट्याची किनार अर्ध्यावर विरघळून कपाळात शिरलेली. हे आपलं काम नाही, एवढं सांगायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर त्या म्हाताऱ्याच्या ओठांवर गेली. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. तेच एकसारखे दात, तोच ओठांचा बाक. कुठल्या कोण परक्या म्हाताऱ्याच्या तोंडावर तिच्या आईचं हसू होतं, आणि गेले कित्येक महिने ती सकाळी उठल्यावर त्या हसण्याला हात जोडत होती.

फ्रेमवाल्याने स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. चष्मा तसाच पिशवीत टाकून ती तडक ताईकडे गेली.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीने चप्पलही काढली नाही. मामांकडचा तो लहान फोटो मला बघायचाय, म्हणाली. ताईने आधी शोधायला हवा म्हटलं, मग तुझ्या भाऊजींनी कुठे ठेवलाय कोण जाणे म्हटलं, मग चहा टाकते म्हणून उठायला लागली. वेळ मारून नेण्यात तिचा हातखंडा होता. आजवर तो गिऱ्हाइकांवर चालायचा.

"बस," धाकटी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने ताईला बस म्हटलं असेल.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामांच्या कपाटात काही सापडलं नव्हतं. मोबाइलवर एक प्रोग्राम होता, फोटो टाकला की तो चेहरा पुरा करून द्यायचा. धाकटीचे डोळे गेलेले, गिऱ्हाइकं खोळंबलेली, म्हणून ताईने एकदा करून पाहिलं. गिऱ्हाइकाने पाच तारे दिले. मग दुसरं केलं, मग तिसरं. बाजार कधीच मंदावला नव्हता. महिन्याला जी मदत धाकटी ओशाळून घेत होती, ती तिच्याच नावावरच्या कमाईतली होती.

"माझे डोळे बरे झाले तरी?" धाकटीने विचारलं.

"तू एका तोंडाला पंधरा दिवस लावतेस, धाकटे. ते मिनिटात होतं." ताईच्या हातात अजून एक सदरा होता, त्याची घडी ती पुन्हा पुन्हा मोडत होती. "आणि लोक रडतात गं ते बघून. खरंच रडतात. तूही रडलीस की."

परक्याने गळा कापला तर माणूस ओरडतो तरी. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. औषधाचे थेंब घालणारा हात तोच, डबा आणणारा तोच, आणि केसाने गळा कापणाराही तोच. धाकटीला राग आला होता, पण त्याहून मोठी लाज वाटत होती, ती त्या रडण्याची.

"जे दिसत नाही त्याचा दर लावत होतीस?"

ताईने मान हलवली. लावत होती.

"आणि विचारत होतीस का कुणाला, ओठ कसे होते म्हणून?"

दगडाला बोलतं करणारी ती बाई हातातल्या सदऱ्याकडे बघत राहिली.

"मग आज मी विचारते," धाकटी म्हणाली. "तू गिऱ्हाईक आहेस असं समज. तुझी आई हसायची, तेव्हा ओठ कसे दिसायचे?"

ताईने लगेच तोंड उघडलं, कारण या भांडणातलं तिचं उत्तर वर्षानुवर्षं तयार होतं. मग ते हसू आठवून बघायला तिने डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले. उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"तो फोटोच येतो गं समोर," ती म्हणाली. "दुसरं काही येतच नाही."

धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. येताना सगळ्या वाटेने तिने स्वतःही हेच करून पाहिलं होतं. दात तुटका होता, डावा कोपरा आधी वर जायचा, हे ती घोकल्यासारखं म्हणू शकत होती. पण म्हणताना डोळ्यांपुढे यायचे ते पांढरेशुभ्र, एकसारखे दातच. खात्याचा पासवर्ड लिहून घेऊन ती निघाली. ताईने दारापर्यंत येऊन चहाचं पुन्हा विचारलं, तोवर धाकटी रस्त्याला लागली होती.

घरी आल्यावर तिने भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि मागचे खिळे काढले. ओठांची जागा करडी ठेवलेला आपला जुना फोटो कॉम्प्युटरमधून शोधून छापून काढला आणि तो फ्रेममध्ये बसवला. आता आईचे डोळे हसत होते आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं. फ्रेम पुन्हा टेबलासमोर लावून ती खुर्चीवर बसली आणि गिऱ्हाइकांना विचारायचे ते सगळे प्रश्न एकेक करून स्वतःला विचारू लागली. एकाचंही उत्तर तिला खात्रीने देता येईना.