बी.ए. इंग्रजी आणि एक चुकलेलं वाक्य

बारावीला सायन्सचे मार्क कमी पडले तेव्हा अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते जळकोटला प्राथमिक शाळेत मास्तर होते. मुलगी डॉक्टर होईल म्हणून त्यांनी मला लातूरला खोली करून दिली होती, शिकवण्या लावल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मग आता काय?"

"बी.ए. करते. इंग्रजी घेते."

"इंग्रजी तर सायन्सवाले बी शिकतेत की. त्यासाठी तीन वर्षं कशाला?"

मी तरी इंग्रजीचाच फॉर्म भरला.

कॉलेजात ऐच्छिक इंग्रजीला आम्ही सातच जण होतो. अकरावी-बारावीचे वर्ग माणसांनी फुटायला आलेले, आणि आम्हाला ग्रंथालयामागची एक खोली. शहरात गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागत होत्या. माझ्या घरमालकीणबाई नव्या मुलींना माझी ओळख करून देताना "ही आर्ट्सची" असं जरा आवाज खाली करून सांगायच्या.

आमचे सर लातूरचेच, जुन्या मुसलमान घरातले. भावांचं शिवणकामाचं दुकान होतं. कॉलेजची पायरी चढलेले घरात हेच पहिले. एक कविता चार-चार वेळा मोठ्यानं वाचायचे आणि मग विचारायचे, "काय कळलं, बेटा?" आम्हाला जे कळायचं ते गाईडमधून कळायचं. प्रश्नांची उत्तरं, निबंध, सगळं त्यात तयार असायचं आणि आम्ही ते पाठ करायचो. माझं पाठांतर चांगलं होतं, म्हणून माझं इंग्रजी चांगलं आहे अशी माझी समजूत होती.

पहिल्याच वर्षी सरांनी 'माझ्या गावची सकाळ' असा निबंध दिला. मी धुकं लिहिलं, झुळझुळता ओढा लिहिला, चर्चची घंटा लिहिली. सरांनी वही वाचली आणि विचारलं, "जळकोटात चर्च कुठं आहे?"

सगळे हसले.

"सकाळी तुमच्याकडं पहिला आवाज कशाचा येतो?"

"पिठाच्या गिरणीचा, सर."

"मग गिरणी कुठं गेली?"

मला सरांचा राग आला. गिरणीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. पण तिच्याबद्दलची तयार वाक्यं माझ्याजवळ नव्हती.

दुसऱ्या वर्षी भूकंप झाला. पहाटे खोलीतल्या भांड्यांनी जाग आली आणि आम्ही मुली पायात चपला न घालता रस्त्यावर आलो. लातुरात आमच्या गल्लीत भिंतींना तडे गेले, तेवढ्यावर निभावलं. औशाच्या पुढची गावं मात्र गेली. काही आठवड्यांनी तिकडं परदेशी डॉक्टरांचं एक पथक आलं. त्यांना दुभाषे हवे होते. प्राचार्यांनी सरांना सांगितलं आणि सरांनी आम्हा सातही जणांना जीपमध्ये बसवलं. मला मनातून आनंद झाला होता. तिथं पोचल्यावर त्या आनंदाची लाज वाटली.

गावाशेजारच्या माळावर पत्र्याचे शेड उभे होते. मला एका परदेशी नर्सबाईंसोबत दिलं. शेडबाहेर उघड्यावर खाट टाकून बसलेल्या एका म्हातारीचा हात मोडला होता, त्याचं प्लास्टर त्या तपासत होत्या. त्यांनी विचारलं, आणखी काही त्रास आहे का? मी मराठीत विचारलं.

म्हातारी म्हणाली, "वर काय बी नगं बघ माय. आभाळच बरं."

गाईडमध्ये पूरग्रस्तांवर एक निबंध होता. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं: यांच्या डोक्यावर छप्पर नाही, आहे ते केवळ आभाळ. म्हातारीच्या तोंडून 'आभाळ' ऐकलं मात्र, आणि ते वाक्य एका दमात माझ्या तोंडातून बाहेर पडलं. व्याकरणात एक चूक नव्हती. नर्सबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच दोन माणसं बोलावली आणि म्हातारीची खाट शेडमध्ये आत, मधोमध ठेवायला लावली. म्हातारी काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, हात दुखत असेल. मी पुढच्या माणसाकडं वळले.

दुसऱ्या दिवशी गेले तर म्हातारी उन्हात जमिनीवर बसलेली. खाट आत रिकामी. शेजारची बाई म्हणाली, "दोनदा आत नेऊन निजवली. दोन्ही वेळंला बाहीर आली. लई रडली."

म्हातारीनं मला ओळखलं. "पोरी, तू त्या बाईला काय सांगितलीस गं?"

"तुम्हाला छप्पर नाही म्हणून सांगितलं, आजी."

"छपराखालीच तर समदी गेली माझी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मला छप्पर नगं म्हणले हुते मी."

मी नर्सबाईंना शोधायला निघाले. वाटेत वाक्य जुळवत होते, पण या गोष्टीसाठी पाठ केलेलं काहीच सापडेना. त्या समोर आल्या तेव्हा मी म्हातारीकडं बोट दाखवलं, मग पत्र्याकडं, आणि एवढंच बोलले: ही छताला भिते. काल मी चुकीचं सांगितलं. काळ चुकला, क्रियापद चुकलं. नर्सबाईंना मात्र तिथल्या तिथं कळलं. त्यांनी स्वतः खाटेचं एक टोक धरलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही ती लिंबाच्या झाडाखाली आणली. म्हातारी आधी झाडाकडं बघत राहिली, मग खाटेवर टेकली. मला म्हणाली, "बस घडीभर." मी बसले. तिनं माझं गाव विचारलं, आई-वडिलांचं विचारलं. स्वतःचं काहीच सांगितलं नाही.

परतताना जीपमध्ये मी सरांना सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलणी बसणार. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, तू परत जाऊन सांगितलंस ना? बहुत लोक जात नाहीत." उतरताना म्हणाले, "हे लिहून काढ."

मी ते लिहिलं. दीड पान व्हायला चार दिवस लागले. सरांनी लाल शाईनं त्यात एकवीस चुका काढल्या, पण या वेळी प्रश्न एकही विचारला नाही. पुढं कविता वाचून झाली की मी आधी 'कळलं नाही' म्हणायला शिकले. मग सर पाचव्यांदा वाचायचे.

बी.ए. झाले तोवर लातूरचं क्लासेसचं शहर झालं होतं. नांदेड, किनवटपासून मुलं ट्रंका घेऊन एस.टी.नं उतरायची. एका मोठ्या क्लासनं मला इंग्रजीला घेतलं. तास सगळ्यात शेवटचा, आणि त्यातलीही वीस मिनिटं बायोलॉजीचे सर मागून घ्यायचे. तरी अण्णा खूश होते. जळकोटच्या स्टँडवर भेटेल त्याला सांगायचे, "पोरगी लातूरला क्लासवर शिकवतीया."

वर्षभरानं मी क्लासच्या मालकांना सांगितलं की एम.ए.ला नांदेडला चालले. ते मनापासून म्हणाले, "मॅडम, पुढं सगळं क्लासेसचंच आहे. पस्तावाल."

नांदेडला पहिलं वर्ष करमलं नाही, दुसऱ्या वर्षी करमलं. पुढं तिथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. आता ऐच्छिक इंग्रजीला कधी नऊ जण असतात, कधी पाच. वर्ग रोज भरतो.