सतराव्या स्लाइडमधलं सहावं माणूस

गेल्या डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेअकराची वेळ. ठिकाण छावणीतला एक छोटा हॉल, पहिला मजला. हजर माणसं बासष्ट – जेवणाची ताटं सांगायची होती म्हणून मीच मोजली होती. प्रोजेक्टरचं भाडं अठराशे रुपये. पडद्याचे वेगळे सहाशे सांगितले, तेव्हा मी म्हटलं, भिंत पांढरीच आहे, पडदा नको.

हे आधीच लिहून टाकतो, कारण यापुढचं काहीच मला मोजता आलेलं नाही. वाळूजला एका कंपनीत क्वालिटी विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी वाचतो आणि दर वेळी बायकोला सांगतो, यात कुठंतरी साधी चूक लपलेली आहे. आता माझ्या अनुभवातली चूक कोणी दाखवून दिली तर मी मनापासून आभार मानीन.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची पंचाहत्तरी होती. मी त्यांच्या आयुष्याचा स्लाइड शो केला होता. बेचाळीस स्लाइड, प्रत्येकीला सहा सेकंद. त्यातला सतरावा फोटो मळ्यातला, काळा-पांढरा, माझ्या जन्माआधीचा. आजोबा, आजी, बाळूकाका, आई आणि अण्णा, अशी पाच माणसं. फोटोची उजवी बाजू कात्रीनं कापलेली आहे, आणि अण्णांच्या खांद्यावर मात्र चार बोटं राहिली आहेत.

ती बोटं कमलआत्याची. अण्णांची धाकटी, एकुलती बहीण.

मी अकरावीत असताना आजोबा गेले. जमिनीच्या हक्कसोड पत्रावर सही करायला आत्याला लासूर स्टेशनहून बोलावलं. बहिणीनं सही करायची, साडी घ्यायची आणि चहा पिऊन परत जायचं, असंच आमच्याकडं चालत आलेलं. आत्या म्हणाली, सही करते, पण आधी वाचते. तिनं कागद वाचला आणि सही केली नाही. त्या दिवसापासून बत्तीस वर्षं आमच्या घरात तिचं नाव निघालेलं नव्हतं. अण्णांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली, तेव्हाही तिला कळवलं नाही. पंचाहत्तरीचं ठरलं तेव्हा मी तिचा विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "ती आली तर मी उठून जाईन." तब्येत पाहता मी पुढं बोललो नाही. उलट, बोटं पाहून कोणी काही विचारायला नको म्हणून मी कॉम्प्युटरवर तीही क्रॉप केली.

हॉलमध्ये सुरुवातच अडचणीनं झाली. भिंतीवर नुसता निळा चौकोन, नो सिग्नल. प्रोजेक्टरवाले नईमभाई माझ्याच वयाचे, वीस वर्षं याच धंद्यातले. त्यांनी विंडोज आणि पी दाबायला सांगितलं, डुप्लिकेट निवडलं, चित्र आलं. पण दोन्ही बाजूंनी कापलेलं – पहिल्याच स्लाइडवर अण्णांचा एक कान गायब. प्रोजेक्टर जुना, त्याचा आकार चौकोनी आणि माझ्या स्लाइड रुंद. रिझोल्यूशन कमी केलं तेव्हा कान परत आला. लोक हसले. बाळूकाका म्हणाले, "कान नसला तरी चालंल, तसाही दादा कुणाचं ऐकत नाय."

मग शो सुरळीत चालू झाला. मी लॅपटॉपसमोर बसून आकडे बघत होतो. चौदा, पंधरा, सोळा. सतरावर हॉल गप्प झाला.

लॅपटॉपवर पाच माणसं होती. मी मान वर केली... भिंतीवर सहा.

अण्णांच्या बाजूला परकर-पोलक्यातली एक मुलगी उभी होती. तिचा एक हात अण्णांच्या खांद्यावर. दुसऱ्या हातात काहीतरी काळपट, ते काय ते कळत नव्हतं. चेहरा मात्र स्वच्छ. मी सोळा वर्षांचा होईपर्यंत आत्याला पाहिलेलं आहे, त्यामुळे ओळखण्यात चूक नाही.

पहिला विचार अण्णांच्या छातीचा. मी बाण दाबला. लॅपटॉपवर अठरावी स्लाइड आली, भिंतीवर सतरावीच. मागं गेलो, पुढं गेलो, एस्केप दाबलं. भिंतीवर काही फरक नाही. शेवटी केबलच उपसली. तरीही ती सहा माणसं तिथंच.

नईमभाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "साहेब, केबल तर तुमच्या हातात है. फिर ये आ कहाँ से रहा?"

रिमोटवर फ्रीजचं बटण असतं, ते दबलं की चित्र अडकून राहतं, हे मला माहीत आहे. रिमोट त्यांच्या शर्टाच्या खिशात होता, तिथं दबलं असेल. पण फ्रीजनं आलेलं चित्र अडकतं, न आलेलं येत नाही.

मी म्हटलं, प्रोजेक्टरच बंद करा. त्यांनी रिमोट काढला, तेवढ्यात अण्णा खुर्चीतून म्हणाले, "राहू दे. बंद करू नका."

ते उठले. माझी बायको त्यांच्या मागं धावली, त्यांनी हातानंच तिला थांबवलं. भिंतीपाशी गेले. त्यांची सावली चित्रावर पडली, म्हणजे उजेड प्रोजेक्टरचाच होता, एवढं मी नोंदवलं. भिंतीवरच्या त्या चार बोटांवर त्यांनी तळहात ठेवला.

"हे मीच कापलं होतं," ते म्हणाले. "आईची शिवणाची कात्री घेतली होती. आई तिथंच बसलेली होती."

त्यांची आई, म्हणजे माझी आजी. बाळूकाका माझ्याकडं वळले. "आख्खा फोटो सापडला होता तर आधी सांगायचं ना रे. भर कार्यक्रमात असं करतात व्हय बापाला?"

मी सांगू लागलो की मी काहीच केलेलं नाही, फाइलमध्ये पाचच माणसं आहेत. पण लॅपटॉप बघायला कोण येतंय? अण्णा मागं न बघताच म्हणाले, "बाळू, गप. बरं केलं त्यानं."

त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि चित्र गेलं. निळा चौकोन, नो सिग्नल. माझ्या घड्याळानं चार मिनिटं झाली होती.

तेवढ्या वेळात एका चुलत बहिणीनं मोबाइलवर भिंतीचा फोटो घेतला होता. त्यात सहाही माणसं नीट आली आहेत. म्हणजे भास म्हणायचीही सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासायला बसलो. क्रॉप केलेला भाग फाइलमध्ये लपून राहतो, हे मला कळलं आणि क्षणभर हायसं वाटलं. क्रॉप काढून टाकला. बोटं परत आली... आणि कात्रीच्या रेषेवर फोटो संपला. त्यापुढं काही असायचं कारणच नाही, कारण मी स्कॅनच कापलेला फोटो केला होता. मूळ फोटो ट्रंकेतून काढून पाहिला. तीन बाजूंना पांढरी कड आहे, चौथीला नाही. दुसरी प्रत आमच्याकडं कधीच नव्हती. माझी मुलगी म्हणाली, बाबा, हल्ली एआय कापलेला भागही भरून काढतं. शक्य आहे. पण तशी कोणतीही सोय माझ्या जुन्या लॅपटॉपवर नाही आणि नेट त्या दिवशी बंद होतं.

पुढच्या रविवारी अण्णा मला म्हणाले, गाडी काढ. मोबाइलमधला तो फोटो त्यांनी मोठा छापून घेतला होता. निघालो लासूर स्टेशनला. मी वाटभर त्यांच्या श्वासाकडं कान लावून होतो.

आत्या दारातच होती. अण्णा पायरीखाली थांबले. म्हणाले, "सही मागायला नाही आलो."

"मग बस की," आत्या म्हणाली. "उभा कामून राह्यला?"

आत गेल्यावर तिनं चष्मा लावला आणि फोटो खिडकीपाशी नेला. आम्ही कोणी काही सांगायच्या आधीच हसायला लागली.

"चप्पल आली का रे माझी? अंगठा तुटला होता, हातात धरली होती. फोटोवाला म्हणं, टाकून दे. मी म्हटलं, नवी हाय, टाकू कशाला?"

हॉलमधल्या निम्म्या लोकांना ती पिशवी वाटली होती, उरलेल्यांना पाटी. मला तर अंदाजही आला नव्हता. आता मोठ्या प्रतीत पाहिलं तर सरळ चप्पल.

अण्णा दोन तास बसले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. निघताना आत्यानं मला बाजूला घेतलं आणि एक पाकीट हातात कोंबलं. मी सांगितलं, आत्या, मी खरंच काही केलेलं नाही. ती म्हणाली, "तुझा बाप बी तसाच. चांगलं केलेलं कबूल करायची लाज." त्यानंतर 'मी नाही केलं' असं कोणाला सांगायचंच मी सोडून दिलं.

नईमभाईंना अठराशे रुपये त्याच दिवशी रोख दिले. नंतर फोन करून विचारलं, तर म्हणाले, प्रोजेक्टर त्यानंतर चार ठिकाणी लावला, काही तक्रार नाही.

आत्याच्या पाकिटात एकशे एक रुपये आहेत. ते ज्या कामाचे आहेत ते काम मी केलेलं नाही, म्हणून मी खर्च करत नाही, आणि परत द्यावेत तर ती घेणार नाही. पाकीट कपाटात आहे. ज्यानं ते काम केलं त्याचं नाव त्यावर लिहायला मी दोनदा पेन घेतलं आणि दोन्ही वेळा तसंच ठेवून दिलं.