खांबासंग टिपऱ्या

चिचगडात होतो तवा मले एकच गोष्ट जमे, दंडारीत नाचनं. दिवाळी झाली का गावात मंडईची जत्रा भरे. भर दुपारी दंडारीचे पोट्टे दोन ओळीत समोरासमोर उभे राहत अना ढोलकीच्या ठेक्यावर एकमेकांच्या टिपऱ्यांवर टिपऱ्या मारत. माह्यासमोर काकाचा पोरगा राहे. चार ठोके झाले का त्यानं माह्या जागेवर याचं, मी त्याच्या जागेवर जाचं. शाळेत मी दगड होतो. पन त्या ओळीत मले जागा होती.

मंग बाबाले गोंदियात राइस मिलमंधी काम लागलं. टेंपोत भांडे, गोधड्या, एक कोंबडी अना माह्या टिपऱ्या भरल्या. कोंबडी वाटेत देवरीतच उडून गेली. माह्यापेक्षा तिले अक्कल होती.

गल्लीतले पोट्टे हिंदी बोलत. मी टिपऱ्या दाखवून म्हनलं, "खेलते का?"

एक म्हने, "डांडिया नवरात्र में होता है, पागल."

दुसऱ्या दिवशी बी गेलो. मले पाहून ते दुसऱ्या गल्लीत खेळाले गेले.

घरासमोर लायटीचा लोखंडी खांब होता. मी त्याच्यासंग नाचू लागलो. तो कधी चुके नाई, अना त्याची माय त्याले जेवाले बोलवे नाई. शेजारीन मायले म्हने, "भाभी, लड़के को करंट तो नहीं लगा?" मायले हिंदी येत नव्हती. ती नुसती हसली अना घरात गेली.

वर्षभर मंडईची वाट पाहिली. गावी गेलो तं माह्या जागेवर दुसराच पोट्टा उभा. दंडार काकाच बसवत. मी म्हनलं, "काका, मले एक डाव उभं करा ना."

"सवय राहिली का बाबू?"

"रोज नाचून राहिलो ना मी." कोनासंग, ते सांगितलं नाई.

काकानं त्या पोट्ट्याले बाजूला केलं. पयले चार ठोके बरोबर बसले. मंग जागा बदलाची होती. काकाचा पोरगा फिरून माह्या जागेवर आला, तं मी तिथंच उभा. खांब कुठं जागा बदलते? पाचवी टिपरी बसली त्याच्या नाकावर.

काका म्हनले, "कायले उभा राहिला बे, खांबासारखा?"

सारी मंडई हसली. मी बी हसलो, मले काय, हसाले पैसे थोडी लागतेत. काका म्हनले, "पुढच्या साली याले जोकर करा. नाच याचं काम नाई." तवापासून मी दंडारीत जोकरच हाओ. तोंडाले राख फासतो, पडतो, लोक हसतेत. ओळीत काई कोनी घेतलं नाई.

त्या साली गोंदियाले वापस आलो, टिपऱ्या काढल्या. चार ठोके मारले अना या वेळी आठवनीनं फिरून खांबाच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. खांब काई हलला नाई. माही जागा समोर तशीच रिकामी होती.