वर्षालीचा पुसलेला आवाज

वर्षालीच्या बोलण्याला मासळीबाजाराचा वास येतो, असं कुडाळच्या कॉम्प्युटर क्लासचे मालक स्वरूप सर हसत हसत म्हणायचे. येणारच. तिची आई चंद्रावती रोज मालवणहून टोपली घेऊन कुडाळच्या बाजारात बसायची आणि त्याच टोपलीवर पोरगी बी.कॉम. झाली होती. पण क्लासमध्ये शिकवावं तर वर्षालीनेच, हे सरांनाही ठाऊक होतं.

साल २००८. धामापूरकडच्या मुली एसटीच्या वेळेला बांधलेल्या. धडा अर्धा राहिला की राहिलाच. म्हणून वर्षालीने पडद्यावर आपण जे जे करतो ते जसंच्या तसं रेकॉर्ड करणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला, माईक तोंडाशी धरला आणि मालवणीत बोलत बोलत धडे इंटरनेटवर चढवले. एक धडा चढायला अख्खी दुपार जाई, मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मुली मात्र बघत होत्या, हसत होत्या, शिकतही होत्या.

वर्डच्या धड्यात तिचा घोळ झाला. फाइल बंद करताना 'सेव्ह करू का?' या प्रश्नावर तिने चुकून 'नो' दाबलं आणि लिहिलेलं सगळं गेलं. तिने तो भाग कापला नाही. "बघलात? मी चुकलंय. नो दाबलात तर सगळा गेला. तुमी असा करू नकात," एवढं बोलून तिने पुन्हा नीट करून दाखवलं.

सरांना वाटलं, माल चांगला आहे, वेष्टन तेवढं गावठी. तिला न विचारता त्यांनी पुण्याच्या एका बाईंकडून सगळ्या धड्यांवर नवा आवाज चढवून घेतला, सुरुवातीला स्वतःचं नाव टाकलं आणि जुने धडे काढून टाकले. वर्षालीने विचारलं तर म्हणाले, "धडे क्लासचे आहेत. क्लासच्याच कॉम्प्युटरवर केलेस ना?" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

चंद्रावती भडकली. "हात तुझो आणि तोंड दुसऱ्याचा? आणि तू गप रवलंस?"

गप्प राहिली खरी. नोकरी हातची घालवायची कशी?

आता पुण्याच्या बाईंना मालवणी कुठून कळणार? पडद्यावर दिसलं ते त्यांनी गोड आवाजात सांगितलं, "आता 'नो' वर क्लिक करा." पुढे तेच नीट करून दाखवलेलं, तो त्यांना दुसरा प्रकार वाटला. धामापूरच्या आरोहीने धडा बघून 'नो' दाबलं. सकाळपासून टाइप केलेला, त्याच दिवशी परीक्षेसाठी द्यायचा प्रकल्प क्षणात नाहीसा झाला. डोळे सुजलेली ती पोर, तिचा बाप शिवा आणि अर्धा क्लास सरांच्या टेबलापुढे उभा राहिला.

सरांनी धडा लावून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "चूक वर्षालीची आहे. 'नो' तिनेच दाबलंय. धडे तिचेच आहेत."

काल क्लासचे, आज तिचे! चोर तो चोर, वर शिरजोर. वर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांशी ती नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलायची; त्या दिवशी पहिल्यांदाच मालवणीत बोलली. "होय सर, चूक माझीच. ती मी थंयच, त्याच धड्यात कबूल केललंय. तुमी चूक ठेवलात आणि कबुली तेवढी पुसलात."

"नीट मराठीत बोल," सर म्हणाले.

तिने सरांच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं, सगळ्यांसमोर 'नो' दाबून दाखवलं आणि माईकमध्ये म्हणाली, "मी वर्षाली. हो हात माझो, ही चूक माझी, आणि हो आवाजय माझोच. माझो आवाज काढून दुसऱ्याचो घालणारे हंय बाजूक बसले हत. तो कित्याक काढल्यानी, ता तेच सांगतले."

आणि आवाज का काढला ते सांगायला माईक तिने सरांपुढे सरकवला. रेकॉर्डिंग चालूच होतं. सरांनी घसा खाकरला आणि रुमाल काढून तोंड पुसलं.

मागून शिवा म्हणाला, "बोला सर. नीट मराठीत बोला."